‘डाकीण’ हा शब्द आणि आमची प्रार्थना

शब्दाच्या सामर्थ्याविषयी ख्रिस्ती व्यासपीठांवरून गेली काही वर्षे पुष्कळ बोलले जात आहे. तोंडाने चांगले बोला म्हणजे चांगलेच घडेल; रोगाचे नाव उच्चारू नका, उच्चारलेत तर तो तुमचा होईल; समृद्धीची घोषणा करा, ती चालत दारी येईल, अशा धर्तीचा हा उपदेश आहे. विसाव्या शतकात अमेरिकेत ई. डब्ल्यू. केनियन आणि त्यांच्यामागून केनेथ हेगिन यांनी तो मांडला, वाढवला. तेथून तो पुस्तकांतून, ध्वनिफितींतून आणि आता मोबाइलवरील चित्रफितींतून आमच्या पाड्यांपर्यंत येऊन पोहोचला आहे. आमच्या कॅथोलिक प्रार्थनासभांतही त्याचे पडसाद ऐकू येतात. हा उपदेश आम्हांस मान्य नाही. तो उथळ आहे ही त्याविषयीची लहान तक्रार झाली. आमची मोठी तक्रार अशी की, सातपुड्याच्या पायथ्याशी हा उपदेश गरीब बायकांच्या जिवावर उठतो. हे विधान कठोर आहे याची आम्हांस जाणीव आहे. म्हणूनच त्याची कारणे सविस्तर देत आहोत.

खापर हे नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातील गाव. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता येथून जातो आणि गुजरातची सीमा हाकेच्या अंतरावर आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार वेगळा झाला, कार्यालये जवळ आली, रस्ते सुधारले; परंतु पावसाळा सरला की ऊसतोडीसाठी गुजरातेत जाणारी कुटुंबे आजही जातातच. लोक भिल्ल समाजाचे. घरात भिली बोली, बाजारात गुजराती आणि शाळेत मराठी अशा तीन भाषांत येथले मूल वाढते. या तीनही भाषांत जो एक शब्द उच्चारताच माणसे आवाज खाली आणतात, तो शब्द म्हणजे ‘डाकीण’.

हा शब्द कसा जन्माला येतो, हे दूरच्या वाचकांस ठाऊक नसेल. एखाद्याचे मूल तापाने जाते, एखाद्याची गाय आटते. घरचे लोक भगताकडे जातात. तो दाणे पाहतो आणि ‘कोणीतरी खाल्ले’ असे सांगतो. कोणी, हे तो पुष्कळदा सांगतही नाही. दिशा सांगतो, खूण सांगतो. उरलेले काम गाव करते. त्या दिशेला एखादी विधवा राहत असते. तिच्या नावावर दोन एकर जमीन असते, पुतण्यांचा तिच्यावर डोळा असतो, किंवा गेल्या होळीला ती कोणाशी तरी भांडलेली असते. एका संध्याकाळी तो शब्द तिच्या नावाशी जोडला जातो. त्यानंतर विहिरीवर तिला वाट देतात, लेकरे तिच्या अंगणातून उचलून नेतात. पुढे दंड, मारहाण, गावाबाहेर काढणे. आणि काही वेळा खूनही. पहिल्या दिवशी तिच्या अंगाला कोणी बोटही लावलेले नसते. तिचे जे काही व्हायचे ते एका शब्दाने सुरू होते.

म्हणून शब्दाला सामर्थ्य नाही, असे आम्ही म्हणणार नाही. खापरच्या परिसरात राहून तसे म्हणणे हा आंधळेपणा ठरेल. आमचे म्हणणे एवढेच की, शब्दाचे सामर्थ्य माणसांवर चालते. तापावर, गायीच्या कासेवर किंवा रक्तातील पेशींवर चालत नाही. शब्द माणसाला घाबरवतो, धीर देतो, फसवतो, बांधून ठेवतो, मोकळे करतो. तो हे सारे करतो कारण ऐकणारा माणूस आहे आणि बोलणाराही माणूस आहे. म्हणून शब्दाचा हिशेब द्यावा लागतो. प्रत्येक निष्काळजी शब्दाचा जाब न्यायाच्या दिवशी द्यावा लागेल, असे प्रभूने मत्तयच्या शुभवर्तमानात बजावले ते याच अर्थाने.

आता उपदेशकांच्या तर्काकडे पाहू. चांगला शब्द आपोआप बरे करतो असे एकदा मान्य केले, की वाईट शब्द आपोआप मारतो हेही मान्य करावे लागते. एक मानून दुसरे नाकारता येत नाही. मग ज्या बापाचे मूल दगावले तो साहजिकच विचारणार, ‘माझ्या लेकरावर कोणाची जीभ चालली?’ म्हणजे आम्ही त्याला भगताच्या ओट्यावरून उठवून प्रार्थनासभेत आणले खरे, पण त्याचा प्रश्न तोच राहिला. किंबहुना, त्या प्रश्नावर आम्ही बायबलाची मोहोर उठवली. दाणे गेले आणि वचने आली, एवढाच काय तो फरक.

येथे आम्हांस स्वतःचा एक दोष सांगावा लागेल. तो लपवून दुसऱ्यांवर टीका करणे योग्य होणार नाही. काही वर्षांपूर्वी एका पाड्यावरचे कुटुंब आमच्याकडे आले. दुसऱ्या ठिकाणच्या एका मोठ्या प्रार्थनासभेला ते जाऊन आले होते. तेथे उपदेशकाने त्यांच्या डोक्यावर हात ठेवून सांगितले होते की, तुमच्या घरावर बंधन आहे आणि ते घालणारे जवळचेच आहे. कुटुंबाची विनंती साधी होती : ‘फादर, घरावर पाणी शिंपडून द्या.’ आम्ही गेलो. प्रार्थना म्हटली, चारही कोपऱ्यांवर पवित्र जल शिंपडले, चहा घेतला आणि परत आलो. ‘कोणापासून?’ हा एक प्रश्न आम्ही विचारला नाही. घाई होती, शिवाय लोकांच्या भक्तीला कशाला दुखवा, असेही मनात आले. नंतर कळले की, त्या घराच्या मागच्या बाजूस राहणारी त्यांची चुलती त्याच आठवड्यात गाव सोडून माहेरच्या माणसांकडे गेली. आमच्या जलाचे थेंब तिच्या भिंतीकडे उडाले तेव्हा बघणारे लोक बघत होते. फादरांनी सुद्धा त्याच बाजूला जास्त पाणी टाकले, असे बोलले गेले. आम्ही एकही वाईट शब्द बोललो नव्हतो. आमच्या न बोलण्याची मात्र तिच्याविरुद्ध साक्ष झाली.

दुसरी गोष्ट रोगाची. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार नंदुरबारच्या आदिवासी समाजात मोठ्या प्रमाणावर आढळतो. त्यात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. सांधे असह्य दुखतात, रक्त कमी होते, साधा तापही लहान मुलाच्या जिवावर बेततो. आईबाप दोघेही वाहक असले तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. वाहक आईबाप स्वतः धडधाकट दिसतात. म्हणून एकाच घरात दोन लेकरे जातात आणि शेजारची चार खेळत राहतात, असे घडू शकते. ज्याला रक्ताचा हा हिशेब कोणी सांगितलेला नाही, त्याला यात कोणाची तरी करणी दिसली तर नवल काय? येथे त्या घराला वाचवणारा शब्द एकच : ‘सिकलसेल’. तो मोठ्याने, स्पष्ट, सर्वांसमोर उच्चारला गेला पाहिजे. रक्त तपासले पाहिजे. लग्नापूर्वी मुलामुलींनी आपापला अहवाल पाहिला पाहिजे. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे केंद्र सरकारच्या सिकलसेल निर्मूलन मोहिमेचा आरंभ झाला. २०४७ पर्यंत या आजाराचे उच्चाटन करण्याचे तिचे उद्दिष्ट आहे. आणि नेमक्या याच काळात आमचे उपदेशक आईबापांस सांगतात की, आजाराचे नाव घेऊ नका, नाव घेणे म्हणजे तो स्वीकारणे! डॉक्टरपुढे मुकी बसलेली आई ही श्रद्धेची खूण नव्हे. ज्या घरात रोगाचे नाव घेण्यास बंदी होते, त्या घरात शेवटी शेजारणीचे नाव घेतले जाते.

आमच्या या विवेचनावर तीन आक्षेप येतील, हे आम्ही जाणतो.

पहिला आक्षेप असा की, देवाने शब्दानेच सृष्टी निर्माण केली आणि मरण व जीवन जिभेच्या अधीन आहे, असे नीतिसूत्रांत सांगितले आहे. पहिल्याचे उत्तर सोपे आहे. जो शब्द उच्चारताच प्रकाश झाला तो देवाचा शब्द होता. तसाच माझाही शब्द आहे असे मानणे म्हणजे निर्माणकर्त्याच्या आसनावर बसू पाहणे; एदेन बागेतला मोह याहून वेगळा नव्हता. दुसऱ्याचे उत्तर कॅथोलिक बायबलातील दानीएलच्या ग्रंथाच्या तेराव्या अध्यायात मिळते. सुसान्ना नावाच्या पतिव्रतेवर दोन वडीलधाऱ्या न्यायाधीशांनी खोटा आळ घेतला. लोकांनी त्यांच्या पदाकडे पाहून विश्वास ठेवला आणि तिला मरणाची शिक्षा सुनावली. मरण जिभेच्या अधीन आहे याचा अर्थ हा! त्यात मंत्र नव्हता, खोटी साक्ष होती. आणि तिची सुटका कशाने झाली? तरुण दानीएलने कोणतीही घोषणा केली नाही. त्याने दोघांना वेगवेगळे उभे केले आणि कोणत्या झाडाखाली पाहिलेत, एवढेच विचारले. दोघांनी दोन निराळी झाडे सांगितली. जीवनही जिभेच्या अधीन आहे ते असे. योग्य वेळी विचारलेल्या एका साध्या प्रश्नाने निरपराध बाई वाचली. तोच साधा प्रश्न विचारायला आम्ही त्या दिवशी चुकलो.

दुसरा आक्षेप येशूच्या नावाविषयी आहे. त्या नावात सामर्थ्य नाही काय? निश्चित आहे, पण ते नाव वापरणाऱ्याच्या ताब्यात नाही. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात स्केवाच्या सात मुलांची हकिकत आहे. इफिसात त्यांनी येशूचे नाव मंत्रासारखे उच्चारून भूत काढण्याचा प्रयत्न केला. परिणामी मार खाऊन, उघडेवाघडे होऊन त्यांना पळावे लागले. त्यानंतर इफिसकरांनी जादूटोण्याची पुस्तके चव्हाट्यावर आणून जाळली. त्यांची किंमत पन्नास हजार रौप्यमुद्रा भरली, असे लूक नमूद करतो. नाव घेण्याचे तंत्र शिकून त्या नावाचा धनी वश होत नाही, हे त्या नगराने ओळखले. आम्ही मात्र तीच पुस्तके नव्या वेष्टनात घरी आणीत आहोत.

तिसरा आक्षेप आमच्याच सेमिनरीतील विद्यार्थी घेईल, आणि तो सर्वांत वजनदार आहे. संस्कारांत नेमके शब्दच लागतात ना? ऑगस्ट २०२० मध्ये रोमने स्पष्ट केले की, बाप्तिस्म्यात ‘मी’ऐवजी ‘आम्ही’ म्हटले तर तो बाप्तिस्मा ग्राह्य होत नाही. मग शब्दाचा हा यांत्रिक प्रभाव नव्हे तर काय? आमचे उत्तर असे की, हा निर्णय आमच्याच बाजूने बोलतो. धर्मगुरूला तेथे आपला शब्द बदलता येत नाही, कारण तो शब्द त्याचा नाहीच. त्याच्या मुखाने ख्रिस्त बाप्तिस्मा देतो, ख्रिस्ताचे अभिवचन तेथे पुरे होते. धर्मगुरूची प्रतिभा, त्याचा आवेश, त्याचा घसा यांना तेथे काहीच भाव नाही. घोषणा करणाऱ्या उपदेशकाचे नेमके उलटे असते. त्याचा शब्द त्याचा स्वतःचा असतो आणि फळ न मिळाल्यास दोष ऐकणाऱ्याच्या अपुऱ्या श्रद्धेवर टाकला जातो. शिवाय, कोणताही संस्कार कोणाच्या शेजारणीविरुद्ध केला जात नाही. ज्या प्रार्थनेत शत्रू म्हणून एक माणूस दाखवावा लागतो, ती प्रार्थना संस्कारांच्या जातीची नाही.

योहानाच्या शुभवर्तमानातील जन्मांध मनुष्य येथे आठवावा. शिष्यांनी प्रभूला विचारले, पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी? प्रभूने दोघांचाही दोष नाकारला आणि मातीचा लेप करून त्याच्या डोळ्यांना लावला. ‘कोणी केले?’ हा प्रश्नच त्याने मोडीत काढला. आम्ही प्रभूचे शिष्य खरे, पण आम्ही अजून शिष्यांचाच प्रश्न विचारत आहोत. गुरूचे उत्तर आम्ही ऐकलेलेच नाही.

आदिवासींच्या अज्ञानाला हसण्याचा अधिकार ख्रिस्तसभेला नाही. पंधराव्या शतकाच्या अखेरीस चेटकिणी कशा ओळखाव्या आणि त्यांना शिक्षा कशी करावी, यावरचा कुप्रसिद्ध ग्रंथ लिहिणारा हेनरिक क्रामर हा धर्मसंघातील धर्मगुरू होता. युरोपात त्यानंतर दोन शतके हजारो स्त्रिया जाळल्या गेल्या. पण त्याच ख्रिस्तसभेत फ्रेडरिक श्पे हा जर्मन येशूसंघीय धर्मगुरूही होऊन गेला. त्याने १६३१ मध्ये निनावी पुस्तक छापून या खटल्यांचा फोलपणा दाखवला. आरोपी घाबरली तर ती दोषी म्हणून घाबरली. धीट राहिली तर सैतान तिला धीर देतो म्हणून दोषी. छळाखाली तिने नावे सांगितली की नव्या दोषी सापडतात. मग निर्दोष ठरण्याची वाट कोणती, असा त्याचा सवाल होता. १६३५ मध्ये ट्रीर येथे प्लेगग्रस्त सैनिकांची शुश्रूषा करताना लागण होऊन तो वारला. खापरच्या पाड्यावरही हाच फास आहे. ती रडली तर ढोंग, गप्प राहिली तर कबुली. या दोन धर्मगुरूंपैकी आम्ही कोणाचे वारस, हे आम्हांसच ठरवावे लागेल.

वसईचा किंवा अहिल्यानगरचा वाचक म्हणेल, ही डोंगरातली गोष्ट. आमच्याकडे डाकीण नाही. वाचकहो, शब्द निराळा असेल. नवी सून घरात आल्यावर वर्षभरात सासरा गेला, तर तिला ‘पांढऱ्या पायाची’ कोण म्हणते? मूल नसलेल्या बाईला बारशाला बोलावताना जीभ का अडखळते? विधवेला लग्नघरात मागच्या खुर्चीवर कोण बसवते? ही माणसे रविवारी मिस्सेला येतात, ख्रिस्तप्रसाद ज्या जिभेवर घेतात त्याच जिभेने सोमवारी हे बोलतात. याकोबाने आपल्या पत्रात नेमकी हीच तक्रार केली आहे : एकाच मुखातून देवाची स्तुती आणि देवाच्या प्रतिमेचा शाप. पाड्यावरचा भगत निदान देवळात येऊन आमेन म्हणत नाही.

मग दैनंदिन ख्रिस्ती जीवनात शब्दाचे खरे सामर्थ्य कोठे आहे? याचे एक उदाहरण याच मातीतले आहे आणि ते ख्रिस्ती नाही. तळोदा तालुक्यातील मोरवडच्या गुला महाराजांनी १९३७-३८ मध्ये या भागातील आदिवासींना दारू सोडा असे सांगितले आणि एकमेकांस ‘आप’ म्हणावयास शिकवले. हजारो लोक त्यांच्या आरतीस जमू लागले, भेटताना ‘आप की जय’ म्हणू लागले. सावकार आणि शिपाई ज्यांना पिढ्यान् पिढ्या अरे-तुरेने हाकारीत आले, त्यांनी परस्परांना आदराने हाक मारावी, यात जादू कोणतीही नव्हती. रोज तोंडातून जाणारा एक शब्द बदलला आणि माणूस ताठ उभा राहिला. विवाहसंस्कारातील वचन, पापनिवेदनानंतरची क्षमा, भांडणानंतर शेजाऱ्याला पहिल्यांदा घातलेली साद यांचे सामर्थ्य याच जातीचे आहे. बोलणारा त्या शब्दाला बांधील राहतो, म्हणून तो शब्द घडवतो.

आता आमच्या मागण्या, आणि त्या प्रथम आम्हां धर्मगुरूंकडे आहेत. आरोग्यप्रार्थनेत कोणीही, कोणत्याही आडवळणाने, ‘कोणी केले’ याकडे बोट दाखवू नये. अशा प्रार्थनांत उन्माद, नाटकीपणा आणि सनसनाटी यांना थारा देऊ नये, असे रोमने सप्टेंबर २००० मध्येच सांगितले आहे. ते पत्र कपाटातून बाहेर काढावे. घर आशीर्वादित करण्यापूर्वी ‘कोणापासून भीती वाटते?’ हे विचारावे आणि नाव आले तर पाणी शिंपडण्याआधी त्या बाईच्या घरी जाऊन बसावे, तिच्या हातचा चहा सर्वांदेखत घ्यावा. आजाराचे नाव वेदीवरून घ्यावे आणि तपासणीचा दिवस जाहीर करावा. आणि कायदा सांगावा. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाली, त्यानंतर त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. अमुक व्यक्ती करणी करते असे भासवून तिचे जगणे कठीण करणे, तिला सैतान ठरवणे, हा त्यानुसार गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. हा कायदा भगताला लागू आहे तसा झगा घातलेल्यालाही आहे. ख्रिस्ती माणसाने चांगले वागण्यासाठी कायद्याची वाट पाहायची नसते, हे खरे. पण आम्ही ती पाहिली, हेही तितकेच खरे.

येथील बोलीत आईला ‘याहा’ म्हणतात. सीमेपलीकडे देवमोगऱ्याला, महाशिवरात्रीच्या यात्रेत, आदिवासी ज्या देवीपुढे नतमस्तक होतात तीही याहा मोगीच. ज्या बाईला गावाने डाकीण म्हटले, तिला मिस्सेनंतर देवळाच्या दारात, सर्वांच्या कानांवर जाईल इतक्या मोठ्याने ‘याहा’ म्हणून हाक मारणे, एवढे तरी आम्हांस साधावे. आमच्या त्या शेजारच्या चुलतीला ही हाक मारण्यास आम्हांस फार उशीर झाला. ती अजून परतलेली नाही. तिच्या भावाच्या घरी जाऊन क्षमा मागितली तेव्हा ती आम्हांस म्हणाली, ‘फादर, तुम्ही तेव्हा काही बोलला असता तर?’ या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. पुढच्या घरी पाणी शिंपडण्यापूर्वी मात्र आम्ही विचारले.